चार नंबरनंतर एक नंबर

सदाबहार गेले ते नेमके चौथ्या शनिवारी. दोन दिवस आधी किंवा दोन दिवस नंतर गेले असते, तर पुढचं रामायण घडलंच नसतं, असं काकू अजूनही म्हणतात. पण मोठी माणसं मरताना दुसऱ्याच्या सोयीचा विचार करत नाहीत.

‘सदाबहार’ हे नाव त्यांना पेपरवाल्यांनी दिलं त्याला चाळीस वर्षं झाली. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे बदललेले, दात बसवलेले, शेवटचे चार सिनेमे कुणी पाहिलेले नाहीत. पण केस! दाट, काळेभोर, आणि कपाळावर उजवीकडे उतरणारी ती एक बट. त्या बटेसाठी दोन पिढ्यांतल्या मुली झुरल्या आणि दोन पिढ्यांतल्या मुलग्यांनी आरशापुढे तास घालवले.

ती बट काकूंनी बांधली होती. जाळीवर, आकडीने, एकेक केस गाठ मारून.

काकू नाटकांसाठी टोप करायच्या. गल्लीच्या टोकाला घर, मागच्या खोलीत लाकडी डोकी, केसांच्या जुड्या आणि खिडकीशी एक स्टूल. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी सदाबहार मागच्या दाराने आले, त्या स्टुलावर बसले आणि टोपी काढली. काकूंनी पाहिलं, फीत घेतली आणि मापं घेतली. “अरेरे” नाही, “अगंबाई” नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की नंतर ते दुसऱ्या कुणाकडे गेलेच नाहीत. जगाला त्यांनी केस दाखवले, डोकं फक्त काकूंना.

आणि खरी करामत पुढे आहे. टोप घालणारे पकडले जातात ते टोप वाईट असतो म्हणून नाही, तर तो वाढत नाही म्हणून. काकूंनी चार केले. एक नंबर म्हणजे नुकते कापलेले केस. दोन नंबर त्याहून जरासे लांब, तीन नंबर आणखी लांब, चार नंबर कॉलरला टेकणारा. एकेक आठवडा एकेक. दर शनिवारी सकाळी सेक्रेटरी घातलेला टोप आणून देणार आणि पुढचा नेणार. चौथ्या शनिवारी मात्र साहेब जातीने गल्लीत येत. अकराच्या ठोक्याला गाडी सलूनपुढे उभी राही, शटर खाली येई, बाहेर शंभरेक माणसं जमत. पाऊण तासाने साहेब बाहेर येत ते मान मोकळी, कान उघडे, एकदम ताजे. आत काय व्हायचं? साहेब आणि सलूनवाला पत्ते खेळायचे, चहा प्यायचे, आणि चार नंबर उतरून एक नंबर चढायचा. सलूनवाल्याने एकतीस वर्षांत साहेबांच्या एकाही केसाला कात्री लावली नव्हती; लावायला केस होते कुठे? पण भिंतीवर फोटो त्याचा, पाटीवर ‘सदाबहारांचे केशकर्तनकार’ हे बिरुद त्याचं.

काकूंना त्याचं काही वाटत नसे. म्हणजे, वाटत असे, पण चौथ्या शनिवारीच.

या गुपिताला चार मालक: साहेब, सेक्रेटरी, सलूनवाला आणि काकू. नवऱ्यालाही काकूंनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि ज्या माणसाला सांगणं सगळ्यात अवघड होतं ते माणूस त्यांच्याच घरात राहत होतं: नणंद. गल्ली तिला आत्या म्हणते. आत्यांचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची त्या दोन-तीन कारणं सांगतात, पण त्यांची खोली पाहिली की चौथं कळतं. सदाबहारांचे फोटो चिकटवलेल्या अकरा वह्या, आणि उशाशी चांदीची एक इवलीशी डबी. डबीत सदाबहारांच्या केसांची झुलूप. आत्यांच्या साठाव्या वाढदिवसाला सलूनवाल्याने दिलेली. आत्यांनी आयुष्यात दोनच गोष्टींसाठी डोळ्यांतून पाणी काढलं, असं गल्ली म्हणते. एक, ती डबी मिळाली तेव्हा. दुसरं, एकतीस वर्षांपूर्वी टायफॉइडमध्ये डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतची वेणी कापायला लावली तेव्हा. “आणि वहिनीने ती माझी शुद्ध येण्याआधी फेकूनही दिली,” हे त्या अजून सांगतात.

तर तो शनिवार. सात वाजता बातमी आली. सव्वासातला काकूंचा फोन वाजला.

“काकू,” सेक्रेटरीचा आवाज फाटलेला, “साहेब गेले.”

“ऐकलं रे. झोपेतच ना? सुटले.”

“ते सुटले, मी अडकलो! चार नंबर गेला.”

“गेला म्हणजे?”

“पहाटे औषधाची बाटली पडली. सूनबाई आवाज ऐकून अंधारात आत आल्या आणि टेबलावरचं हाताला लागलं त्याने फरशी पुसली. साहेबांच्या डोक्याला मी शाल गुंडाळून ठेवलीय, पण किती वेळ?”

काकूंनी डोळे मिटले. बारा वर्षं त्या घरात नांदूनही सुनेला पत्ता नव्हता. काकूंच्या कामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नसतं. पण ते मिळायची ही वेळ नव्हती.

“साडेनऊला सभागृहात नेणार. दिवसभर अंत्यदर्शन. गेटवर अकरा कॅमेरे आहेत. काकू, काहीतरी करा.”

काहीतरी काय करायचं ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच स्टुलावर बसून साहेब म्हणाले होते, “काकू, मी गेल्यावरसुद्धा डोकं झाकलेलं राहू दे हं. तेवढं तुमच्यावर.” काकूंनी मान हलवली होती. मान हलवली म्हणजे झालं; त्यांच्याकडे शपथा घ्यायची पद्धत नव्हती.

तीन नंबर द्यायचा, त्यांनी ठरवलं. काल संध्याकाळच्या कार्यक्रमात साहेबांना चार नंबरमध्ये सगळ्यांनी पाहिलं होतं. अर्ध्या बोटाचा फरक, तोही फुलांत झाकला जाईल. त्यांनी कपाटातून तीन नंबर काढला, विंचरला, तोच दारात आत्या.

“वहिनी! गेले गं! चल, चल, रांग लागली असेल!”

काकूंनी तीन नंबरवर पटकन टॉवेल टाकला. “कपडे तरी बदला, वन्सं.”

“काय बदलायचंय आता! कुणासाठी बदलायचंय!” असं म्हणत आत्या कपडे बदलायला गेल्या आणि काकूंनी टेबलावरचा डबा उचलून पिशवीत टाकला.

चूक झाली ती इथे. एकतीस वर्षं चौथ्या शनिवारी सकाळी टेबलावर जो डबा तयार असतो, तो एक नंबरचा. शुक्रवारीच धुऊन, विंचरून, बांधून ठेवलेला. चार नंबरनंतर एक नंबर. हाताने आपलं काम केलं. डोक्याला विचारायची त्याला सवयच नव्हती.

सभागृहाच्या मागच्या दाराशी रखवालदाराने अडवलं. “डब्यात काय?”

“घरच्यांना खायला. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नसेल.”

रखवालदाराचे डोळे भरून आले. त्याने स्वतः डबा आत सेक्रेटरीकडे पोचवला आणि “गरम आहे, सांभाळा” असं दोनदा ओरडला.

आत्या रांगेत राहिल्या. काकू पाय दुखतात सांगून घरी आल्या आणि त्यांनी टीव्ही लावला. टीव्हीवर दुःखाचा बाजार जोरात होता. काकूंना माणसं पारखायची खोड. त्या बोटांवर मोजायला लागल्या. एका निर्मात्याने मिनिटभरात साहेबांचं नाव दोनदा घेतलं आणि स्वतःच्या पुढच्या चित्रपटाचं तीनदा. एक नटी रडताना कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते बघून बाजू बदलत होती. शेजारच्या छत्रीवाल्याने सांगितलं, साहेब माझ्याकडूनच छत्री घ्यायचे. साहेब आयुष्यात कधी छत्रीखाली गेले नाहीत, केस भिजतील म्हणून मोटारीतूनच उतरत नसत. मग सलूनवाला दिसला. बहिणीच्या गावाहून आलेल्या सकाळच्या बसमधून तो नुकताच उतरत होता. खांद्यावर बॅग, गालांवर पाणी. “बातमी ऐकली आणि धावत आलो,” तो हुंदके देत म्हणाला. “त्यांच्या डोक्यावर डाव्या बाजूला भोवरा होता. कात्री तिथे वळवून घ्यावी लागायची.”

“तो भोवरा मला जमायला दोन महिने लागले, मेल्या,” काकू टीव्हीला म्हणाल्या.

एवढ्यात पडद्यावर सभागृह आलं. फुलांच्या राशीत साहेब, शांत, देखणे. कान उघडे. मान मोकळी. एकदम ताजे.

काकूंनी मागच्या खोलीत जाऊन टॉवेल उचलला. त्याखाली तीन नंबर.

तेवढ्यात सेक्रेटरीचा फोन आला.

“बदलता येईल?” काकूंनी विचारलं.

“चार हजार माणसांसमोर?”

बारा वाजेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सव्वाबाराला एका वाहिनीने कालचा आणि आजचा फोटो शेजारी-शेजारी ठेवला आणि लाल गोल काढला. ‘रात्रीतून केस कोणी कापले?’ दुसऱ्या वाहिनीला त्यात मृत्यूची चाहूल दिसली: महापुरुष जाण्याआधी तयारी करून जातात. तिसरीला वास आला. ‘शेवटच्या रात्री बंगल्यात कोण होतं?’ त्यांनी सुनेचा लग्नातला फोटो काढला आणि त्यावरही गोल काढला. एक वाजता निवृत्त पोलिस अधिकारी येऊन बसले आणि गंभीरपणे म्हणाले, “केस हा फार बोलका पुरावा असतो. माझ्या मते अंत्ययात्रेपूर्वी केसांची तपासणी व्हायला हवी.”

काकूंना स्टुलावर बसलेलं ते उघडं डोकं डोळ्यांसमोर दिसलं, आणि त्याभोवती अकरा कॅमेरे.

दोन वाजता आत्या परतल्या. चेहरा उजळलेला. “चार सेकंद दिले गं, पण काय दिसत होते! तरणेबांड! मला वाटलं आता उठून बट सारखी करतील.” असं बोलून त्या रडायला आणि हातपाय धुवायला आत गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच मागच्या दाराने सलूनवाला घामाघूम होऊन आत शिरला. काकूंनी त्याला ओढत मागच्या खोलीत नेलं.

“काकू, हे काय करून बसलात?”

“हळू बोल.”

“बाहेर ती बातमीदार पोरगी माझ्या दारात ठाण मांडून बसलीय! थेट प्रक्षेपण! विचारते, काल केस तुम्ही कापले का? हो म्हणायला मी तयार आहे हो, एकतीस वर्षं हो म्हणतोय. पण काल मी बहिणीकडे होतो, आणि हे त्यांनीच सकाळी सगळ्यांना दाखवलंय. बॅगेसकट!”

“मग नाही म्हण.”

“नाही म्हटलं तर विचारेल, मग कोणी? ते आणखी वाईट. टीव्हीवरचे ते निवृत्त अधिकारी तर केस तपासायला माणसं पाठवा म्हणतायत.” तो लाकडी डोक्यांकडे बघून काकुळतीला आला. “तीन नंबर तरी द्यायचा होता, काकू! हा बघा इथेच आहे!”

“चौथा शनिवार होता रे. हातच तिकडे गेला.”

दार ढकललं गेलं. आत्या उभ्या होत्या. हातात टॉवेल, चेहरा ओला. त्या सलूनवाल्याकडे बघत नव्हत्या, काकूंकडेही नाही. लाकडी डोक्यावर तीन नंबर होता आणि त्याची बट उजवीकडे कपाळावर उतरली होती. अकरा वह्या चिकटवलेल्या माणसाला ती ओळखायला चष्मा लागत नाही.

आत्या साहेबांच्या स्टुलावर बसल्या. बाहेर टीव्हीवर ते अधिकारी केसांच्या मुळांबद्दल बोलत होते.

“किती वर्षं?” आत्यांनी विचारलं.

“एकतीस.”

“दादाला माहीत होतं?”

“नाही.”

आत्यांनी जरा विचार केला. “मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला सांगून नणंदेला वगळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. “आणि काहीच नव्हते? अगदी काहीच?”

“कानांवर थोडे. कापसासारखे.”

“हं.”

“वन्सं, मी त्यांना शब्द दिला होता. गेल्यावरही डोकं झाकलेलं राहील म्हणून. आता ते—”

“मी ऐकलंय सगळं. बहिरी नाही मी.” आत्या उठल्या. टॉवेल खुंटीला लावला, चष्मा पुसला, आरशात बघून केस सारखे केले आणि पुढच्या दाराने बाहेर गेल्या.

“कुठे चालल्या?” सलूनवाल्याने घाबरून विचारलं.

काकूंना उत्तर माहीत होतं. चाळीस वर्षं ज्याच्यावर जीव ओवाळला तो एका जाळीवरच्या गाठी निघाला. आता ही बाई कॅमेऱ्यासमोर जाऊन सगळ्या जगाला सांगणार. चूकही म्हणता येणार नाही तिला. काकू टीव्हीसमोर येऊन उभ्या राहिल्या, मागे सलूनवाला खुर्चीची पाठ घट्ट धरून. पडद्यावर त्याचंच सलून होतं, आणि आत्या गर्दीतून कोपराने वाट काढत पुढे येत होत्या.

“बाळ, ते केसांचं विचारतेयस ना? मी सांगते.”

बातमीदार मुलीने माइक वळवला. “आजी, तुम्हाला माहिती आहे केस कोणी कापले?”

“आजी तुझ्या घरी. हो, माहिती आहे. मी कापले.”

सलूनवाल्याने खुर्ची सोडली आणि तिच्यावर बसला.

“तुम्ही?”

“काल कार्यक्रम झाल्यावर. आज त्यांचा शनिवार होता, हे सगळ्या गावाला माहीत आहे. यांना निरोप आला की सलूनवाला गावाला गेलाय. नेम चुकायला नको म्हणाले. मला बोलावलं.”

“पण तुम्ही... कशाने कापले?”

“कात्रीने. दातांनी कापतात का?”

गर्दीत कुणीतरी हसलं. मुलगी गोंधळली, पण सोडेना. “तुम्हाला केस कापता येतात?”

“तू दर्शन घेतलंस ना? वाईट कापलेत?”

“नाही... छान आहेत.” मग, जरा अडखळत: “आजी... म्हणजे, बाई... तुमचं आणि सदाबहारांचं नातं काय?”

आत्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या कॅमेऱ्याची दुसरीच बाजू बघत आल्या होत्या.

“चाळीस वर्षांचं,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर कुणी पुराव्याचं नाव काढलं नाही. पाच मिनिटांत सेक्रेटरीने दुजोरा दिला. त्याने तो इतक्या घाईने दिला, की वाहिन्यांना ते प्रेमप्रकरण लपवणंच वाटलं. सुनेचा फोटो गेला, आत्यांचा आला. ‘कोण आहे ती?’ अधिकारी उठून गेले, त्यांच्या खुर्चीत एक कवी येऊन बसला. छत्रीवाल्याने सांगितलं की आपण ह्या बाईंना साहेबांच्या छत्रीखाली पाहिलं होतं. पाच वाजता साहेब निघाले. डोकं झाकलेलं, बट जागेवर. शेवटच्या वळणावर गाडीला हिसका बसला तेव्हा काकूंनी श्वास रोखला. पण त्यांच्या गाठी सुटत नसत.

डोळे पुसताना त्यांना स्वतःचंच हसू आलं. एकतीस वर्षं श्रेय सलूनवाल्याने खाल्लं. शेवटच्या दिवशी उरलं होतं तेवढं नणंद घेऊन गेली.

आत्या सहा वाजता आल्या त्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांच्या नजरा घेऊन. सरळ आपल्या खोलीत गेल्या, चांदीची डबी आणली आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली.

“आता खरं सांग. हे कुणाचे?”

काकूंनी झुलूप दिव्याखाली धरली. बघायची गरज नव्हती. सलूनवाला चाहत्यांना द्यायला कातरण मागायचा आणि त्या टोप बांधून उरलेल्या केसांतली द्यायच्या.

“बोल ना. सलूनवाल्याच्या मेव्हण्याचे आहेत का? सांगून टाक, आज काहीही चालेल.”

“तुमचे,” काकू म्हणाल्या.

“माझे म्हणजे? डबी माझी आहे, ते माहीत आहे मला.”

“केस तुमचे. वेणी मी फेकली नव्हती, वन्सं. साहेब आले तेव्हा माझ्याकडे तसे केस दुसरे नव्हते. इतके दाट, इतके सरळ. विचारणार तर तुम्ही तापात. नंतर विचारायचं तर काय म्हणून विचारू? चारही त्यातूनच केले. जाळ्या झिजल्या की बदलल्या, केस तेच ठेवले.”

आत्यांनी तीन नंबर लाकडी डोक्यावरून उचलला आणि मांडीवर घेऊन बसल्या. आधी बोटांनी, मग काकूंच्या फणीने तो विंचरत राहिल्या. मानेपासून टोकापर्यंत, जशी कधीकाळी स्वतःची वेणी विंचरत असतील तशी.

“माझ्या डोक्यावर राहिले असते तर पांढरे झाले असते एव्हाना,” त्या म्हणाल्या. “त्यांच्याकडे बरे राहिले.”

“रागावलात?”

“उद्या रागावेन. आज मला वेळ नाही, सातला ती मुलगी परत येणार आहे.” त्यांनी बट उजवीकडे वळवली, मान तिरकी करून पाहिली. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं रडतायत. वाकून पाहिलं तर बाई हसत होती.

“काय झालं?”

“अगं, दुपारपासून मनाला लागून राहिलं होतं, एवढं धडधडीत खोटं आपण जगासमोर बोललो. पण माझे केस, मी म्हणते मी कापले.” त्यांनी फणी टेबलावर ठेवली. “यात खोटं काय आहे, वहिनी?”